आत्याबाईंची दुसरी तपासणी

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणते. आमच्या यवतमाळकडे तसाच रिवाज आहे. आत्याबाई पुण्याला आल्या त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, काळा चष्मा निघाला, आणि त्या इथेच राहिल्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. गावाकडच्या घराला कुलूप होतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, एकटी म्हातारी बाई तिथे काय करणार. आत्याबाईंचं म्हणणं, स्वतःच्या घरात राहायला काही करावं लागत नाही.

कात्रजला आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत आत्याबाईंचा पलंग. मी पहाटे पाणी भरायला उठले की त्या आधीच उठून बसलेल्या असायच्या, डोक्यावर पदर, पाय खाली सोडलेले, एसटीची वाट बघत बसावं तशा. "गावाले कवा जाऊन राहिलो आपण?" हा दिवसाचा पहिला प्रश्न. चहा देताना परत तोच. मी नारायण पेठेत स्वयंपाकाच्या कामाला निघाले की दारात परत तोच. संध्याकाळी चप्पल काढायच्या आत परत. मी म्हणायचे, "हे ठरवतील." त्या म्हणायच्या, "तो कायचा ठरवते. त्याले सुट्टी भेटत नाही."

मला त्या प्रश्नाचा राग यायचा नाही, थकवा यायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या घरच्या पोळ्या लाटून आल्यावर अंगात उत्तर द्यायलाही काही उरत नाही. तरी मी द्यायचे. गावाला त्यांना अंगण होतं. समोरून जाणारं माणूस दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नव्हतं. इथे दारासमोर भिंत, आणि शेजारच्या बाईला आत्याबाईंचं बोलणं समजत नव्हतं. ती दर वेळी माझ्याकडे बघून विचारायची, "काय म्हणाल्या त्या?" हळूहळू आत्याबाई तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मग इतरांशीही.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एका दुपारी त्या घरातून निघून गेल्या. मी कामावर होते, हे खेड शिवापूरकडे कंपनीत. पिशवीत दोन लुगडी आणि एक तांब्या घेऊन त्या कात्रज चौकात जाऊन उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक एसटीला हात करू लागल्या. यवतमाळची गाडी तिथून जातच नाही. एका रिक्षावाल्याने त्यांना चौकीत नेऊन बसवलं. त्यांच्या पदराच्या गाठीत मी ह्यांचा नंबर बांधून ठेवला होता, म्हणून फोन आला.

"माय हरवली होती," हे घरी आल्यावर म्हणाले.

"हरवली नव्हती," आत्याबाई म्हणाल्या. "घरी जाऊन राहिली होती."

मला तेव्हा आत्याबाईंचंच खरं वाटलं. रस्ता चुकला होता, पण जायचं कुठे ते त्यांना पक्कं माहीत होतं. हे आवाज चढवणारे नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. आईच्या पायाशी बसून म्हणाले, "माय, डॉक्टरले दाखवू. तुह्यं डोकं ठीक आहे असं तो म्हणाला, तर दिवाळी झाल्यावर मी सोता तुले गावी पोचवून देतो. नाही म्हणाला, तर हा विषय बंद."

"हाव," आत्याबाई म्हणाल्या. "दाखव. माह्या डोक्याले काय झालं?"

तेव्हापासून त्यांचं गावी जाणं त्या एका तपासणीवर येऊन ठेपलं. आणि त्या घरात नसल्या तर माझ्या अंगावरचं ओझं थोडं कमी होणार होतं, हेही माझ्या मनात नव्हतं असं नाही.

आमच्या भागात एका देवळाच्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी स्मरणशक्ती तपासणीचं शिबिर होतं. मी एक दिवस खाडा करून त्यांना घेऊन गेले. तपासायला कॉलेजातली मुलगी होती. स्वभावाने चांगली, आजी आजी करत होती. पण शेजारी लाऊडस्पीकरवरून नावं पुकारत होते आणि तिचा आवाज बारीक.

"आजी, आज तारीख काय?"

"पोळा झाला. आता महालक्ष्म्या येतीन."

"तसं नाही. तारीख. महिना कोणता, वर्ष कोणतं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात कोणी त्यांना वर्ष विचारलं नव्हतं.

"बरं. जिल्हा कोणता?"

"यवतमाळ."

मुलीने फुली मारली. आपण आत्ता कुठे बसलो आहोत, असं तिला विचारायचं होतं. मग तिने जनावरांची चित्रं दाखवली. सिंह ओळखला, उंट ओळखला. गेंड्याकडे आत्याबाई बराच वेळ बघत राहिल्या. "डुक्करच आहे," त्या म्हणाल्या, "पण काढनाऱ्यानं शिंग भलतीकडंच लावलं." मुलगी हसली, मीही हसले. फुली पडलीच. पुढे कागदावर एकमेकांत अडकवलेल्या दोन आकृत्या होत्या, त्या बघून तशाच काढायच्या. मुलीने त्यांच्या हातात पेन्सिल दिली. आत्याबाईंनी ती अंगठ्याने दाबून धरली, मग सोडली.

"मले लिहिता येत नाही."

"लिहायचं नाहीये आजी, नुसतं काढायचंय."

त्यांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली आणि जेवण झाल्यावर ताट सरकवावं तसा कागद तिच्याकडे सरकवला.

मुलीला वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "ठीक आहे, एकदम सोपं विचारते. तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा."

आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतात तेवढंच. आत्याबाईंच्या तोंडून तर मी तेही कधी ऐकलं नाही. माणूस गेल्यावरही घेत नाहीत. त्यांनी मान खाली घातली. एवढ्या वयात त्या लाजल्या होत्या. मुलीला वाटलं आठवत नाही. "घाई नाही, आजी," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही सांगता का? म्हणजे मी आठवण करून देते."

सासऱ्याचं नाव मी तरी कधी घेतलंय, आणि तेही सासूच्या देखत. मीही मान खाली घातली. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो आणि ती मुलगी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. या घरातल्या सगळ्यांनाच तपासायला हवं असं तिला वाटलं असेल तर तिचा दोष नाही.

कागदावर शेवटी लिहून आलं की स्मरणशक्तीत बरीच घट दिसते. ह्यांनी तो कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "बघितलंस?" ते म्हणाले.

मला भरभर बोलता येत नाही. परक्यांसमोर येत नाही तसं ह्यांच्यासमोरही येत नाही. शब्द आधी मनात लावून घ्यावे लागतात, आणि लावून होईतो समोरचा उठून गेलेला असतो. त्या दिवशी मी म्हणाले, "ते प्रश्न शाळेचे होते. त्या शाळेत कुठे गेल्या? मी चौथी शिकले, तरी ते चित्र मला जमलं नसतं."

"तू चौकात जाऊन गाड्यांना हात नाही करत ना," हे म्हणाले.

यावर काय म्हणायचं ते मला भांडी घासताना सुचलं. तोवर हे दुसऱ्या पाळीला गेले होते.

नारायण पेठेतल्या ज्या घरी मी स्वयंपाक करते, तिथल्या आजींना मी हे सांगितलं. एरवी कामाच्या ठिकाणी मी घरचं बोलत नाही. पण आदल्या दिवशी खाडा का केला ते त्यांनी विचारलं. त्यांच्या घरचे आजोबा बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचीही तसलीच तपासणी त्यांच्या डॉक्टरांनी केली होती.

"आमच्याकडे पैकीच्या पैकी मार्क," आजी म्हणाल्या. "शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, तर हे पार दोनापर्यंत खाली उतरले. डॉक्टर पुरे म्हणाले तरी थांबेनात. हुशार माणूस. फक्त पैशाचं पाकीट फ्रीजमध्ये कोण ठेवतं ते अजून कळलेलं नाही. बहुधा मीच ठेवत असेन."

आजोबा खुर्चीत पेपर वाचत होते. "काय म्हणालीस?"

"काही नाही. आपलं चालू द्या."

मग त्यांनी मला एका मोठ्या दवाखान्याबद्दल सांगितलं. तिथे विसराळू माणसांसाठी वेगळा विभाग आहे आणि न शिकलेल्यांना वेगळे प्रश्न विचारतात. पाकिटाचं सुरू झाल्यावर आजोबांना त्या तिथेच घेऊन गेल्या होत्या. "तारीख लांबची देतात. रांगेत तुझा जीव जाईल. पण तिथे माणूस बघून प्रश्न काढतात," त्या म्हणाल्या, आणि स्वतः फोन करून त्यांनी नंबर लावला.

हे तयार नव्हते. एक कागद आलाय, आणखी दुसरा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस शब्द लावले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एकदा आत्याबाईंना त्यांच्याजोगे प्रश्न विचारून बघू द्या. मग तुम्ही म्हणाल ते." हे माझ्याकडे बघत राहिले. मी सहसा काही मागत नाही, म्हणून असेल. "तू ने," ते म्हणाले. "मला सुट्टी नाही."

दसरा होऊन गेल्यावर नंबर लागला. बाकावर बसून बसून आत्याबाईंचे पाय सुजले. मग आत बोलावलं. तपासणाऱ्या बाई चाळिशीच्या असतील, बोलणं स्वच्छ, एकेक शब्द निवडल्यासारखं. त्यांनी आधी आत्याबाईंना ऐकू किती येतं ते पाहिलं. मग त्यांचा चष्मा काढून उजेडात धरला आणि स्वतःच्या ओढणीने पुसला. "यातून मलासुद्धा काही दिसलं नसतं," त्या म्हणाल्या. शाळा किती, विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी पुढ्यातला एक कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. जन्मभर काम काय केलं, विचारलं. शेती, कापूस वेचणं, गुरं, असं मी सांगितलं.

मग त्यांनी आत्याबाईंना काहीतरी विचारलं आणि आत्याबाईंनी नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं.

"ऐकू आलं नाही का?"

"आलं," मी म्हणाले. "पण तुमचं बोलणं त्यांना परकं वाटतं."

बाईंनी जरा विचार केला. "एरवी मी घरच्यांना मध्ये घेत नाही. पण आज तुमची बोली येणारं इथे कोणी नाही. मी सांगते ते तुम्ही तुमच्या बोलीत विचारा. जसंच्या तसं. उत्तर सुचवायचं नाही. डोळ्यांनीही नाही."

मी पुण्याला आल्यापासून आमची बोली घराबाहेर बोलले नव्हते. कामावर तर नाहीच. त्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ती तोंडातून निघताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"आत्याबाई, तीन जिनसा सांगून राहिली, ध्यानात ठेवा. इळा, बकरी, घागर."

"इळा, बकरी, घागर. कायले?"

"मंग विचारीन."

"विचार."

त्या खुलल्या. लुगड्याच्या निऱ्या सारख्या करून नीट बसल्या. शेतात आता काय चाललं असेल, विचारलं. "कापूस येचून राहिल्या असतीन बाया," त्या लगेच म्हणाल्या, "अन् आपण इथी बसलो." बाई हसल्या. मला वाटलं, जमलं. मग बाईंनी मला विचारायला सांगितलं की नुकताच कोणता सण होऊन गेला.

"पोळा," आत्याबाई म्हणाल्या.

दसऱ्याला त्यांनीच माझ्या हातावर सोनं ठेवलं होतं आणि पानं सुकी आणली म्हणून ह्यांना बोलल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. मग डोळ्यांनीही नाही, हे आठवून खाली बघितलं.

बाई म्हणाल्या, "मिस्टरांचं नाव विचारू नका, त्या घेणार नाहीत. ते कसे गेले ते सांगा म्हणावं." आत्याबाईंनी सगळं सांगितलं. छातीत कफ, तालुक्याचा डॉक्टर, पहाटे दिवा लावायच्या वेळी गेले, बैलाने दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही. मी तेव्हा तिथे होते. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग मुगवड्या कशा करायच्या ते विचारलं. उन्हाळ्यात घालतात त्या. गावात आत्याबाईंच्या मुगवड्यांची वाट बघणारी चार घरं होती, आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्या सांगू लागल्या. डाळ भिजवायची, सालं काढायची, पाट्यावर वाटायची, भरड ठेवायची. मग थांबल्या. मग म्हणाल्या, डाळ भिजवायची. सालं काढायची. वाटायची. परत थांबल्या. आता कोहळा किसून घालायचा, मिरची, जिरं, आणि धोतर पसरून त्यावर घालायच्या. माझ्या मनात ते धावत होतं. आत्याबाईंनी तिसऱ्यांदा डाळ भिजवली.

"ताई," बाई मला हळूच म्हणाल्या, "ओठ."

माझे ओठ हलत होते. मी पदर तोंडाशी धरला.

"आत्याबाई, मघा तीन जिनसा सांगितल्या होत्या. कोनत्या?"

"कोनं सांगितल्या?"

"म्या."

"तू कवा सांगितल्या?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच खोटं बोलते आहे.

बाई लिहीत होत्या. आत्याबाई माझ्याकडे वाकल्या आणि आवाज लहान करून म्हणाल्या, "ऊन चढलं वं. तुह्या मामाजीले वावरात भाकर पोचोली का?"

बाईंनी मान वर केली. "काय म्हणाल्या?"

त्यांना ते समजलं नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते. तहान लागली म्हणतात, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मघाशी ज्या बाईने नवऱ्याच्या मरणाची पहाट एवढी नीट सांगितली, तिलाच आता त्याच्या भाकरीची काळजी पडली होती, आणि हे जर मी सांगितलं तर गाव संपलं, हे मला कळत होतं. मी सांगितलं. जसंच्या तसं. सांगताना माझ्या लक्षात आलं की त्या असं पहिल्यांदा म्हणत नव्हत्या. घरी कधीतरी भाकरीचं विचारायच्या, आणि मी हातातलं काम न सोडता हो म्हणायचे. कोणाची भाकर ते मी कधी विचारलंच नव्हतं.

नंतर बाईंनी मला एकटीला बाहेरच्या खोलीत बसवून विचारलं. पूर्वी करायच्या आणि आता त्यांना जमत नाही, असं काय काय आहे?

"आम्ही त्यांना काही करूच देत नाही," मी म्हणाले.

"का?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला. "सून घरात असताना सासूने का करायचं? लोक काय म्हणतील. गॅस मी लावते, भाजी मी आणते, बँकेत हे जातात. त्या बसून असतात."

"किती दिवस?"

"इथे आल्यापासून. दोन वर्षं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्यांना काय जमतं आणि काय नाही, हे घरात कोणालाच माहीत नाही." त्या रागावल्या नव्हत्या. असं त्यांनी पुष्कळ घरांत बघितलं असावं. "थोडे दिवस त्यांना रोज एखादं काम द्या. मध्ये पडू नका, फक्त लक्ष ठेवा. मग मुलाला घेऊन डॉक्टरांना भेटायला या."

मी त्यांना मेथी निवडायला दिली. त्यांनी माझ्यापेक्षा नीट निवडली. कणीक मळायला दिली, तर हातांना सगळं येत होतं. "दोन वर्सं पाव्हनी करून ठेवलं मले," त्या म्हणाल्या. मेथी निवडून होईपर्यंत त्यांनी गावाचं विचारलं नाही. मेथी संपली की विचारलं. एका संध्याकाळी मी चहा करायला सांगितला. त्यांनी पातेल्यात साखर आणि पत्ती घातली, गॅस मोठा केला, आणि पाण्याशिवाय तसंच ठेवून उभ्या राहिल्या, पुढचं दुसरं कोणी करणार असावं तशा. जळका वास सुटल्यावर मी गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच इतका चांगला चहा केला की हे दोन वेळा प्यायले. या आजाराचा हाच ताप आहे. एका दिवसाला दुसरा दिवस खोटं पाडतो, आणि बघणाऱ्याने दोन्ही धरून ठेवायचे.

डॉक्टरांकडे हे आले. डॉक्टर शांतपणे बोलले. हा वयाचा विसराळूपणा नाही, आजार सुरू झाला आहे. अजून पुष्कळ काही शाबूत आहे, हातातली कामं काढून घेऊ नका. पण एकटं ठेवता येणार नाही, इथेही नाही आणि गावी तर नाहीच.

ह्यांनी खिशातून शिबिराचा कागद काढला. "यात तेच लिहिलं होतं. मग एवढा खटाटोप कशाला?"

डॉक्टरांनी कागद वाचला. "यात लिहिलंय की तुमची आई शाळेत गेलेली नाही," ते म्हणाले. "ते तुम्हाला आधीच माहीत होतं."

ह्यांनी कागद परत घेतला. मला मात्र आनंद झाला नाही. इतके दिवस मी त्या शिबिराच्या कागदाला धरून होते. तो चुकीचा आहे, आपलं माणूस ठीक आहे, असं म्हणायला मला जागा होती. आता त्यांना त्यांच्या बोलीत विचारून झालं होतं, त्यांच्या डाळीचं, त्यांच्या वावराचं विचारून झालं होतं. भांडायला काही उरलं नव्हतं.

हे परस्पर कंपनीत गेले. जाताना मला म्हणाले, "तूच सांग तिला. तुझं ऐकते." पुरुष मंडळी असंच करतात. अवघड ते बायकोवर सोपवून जातात.

आम्ही दोघी मंडईपर्यंत चालत आलो. आत्याबाईंना बसायचं होतं. एका बंद गाळ्याच्या पायरीवर आम्ही टेकलो. समोर वांग्यांचा ढीग होता.

"माह्या डोक्याचं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

मी शब्द लावत बसले नाही. "इसरायचा आजार निघाला. एकटं राहू नका म्हणाले."

"गावाले?"

"नाही जाता येनार. एकटं नाही."

त्या बराच वेळ वांग्यांकडे बघत होत्या. मला वाटलं विसरल्या. मग म्हणाल्या, "मंग घर बंद नोका ठेवू. बंद घराले उधई खाते, लाकडाचा भुगा करते. धाकट्या जावेच्या पोराले द्या राहाले. त्याईचं घर चिमुकलं आहे. चूल पेटली पाहिजे तिथं." लुगड्याचा काठ सारखा करत त्या म्हणाल्या, "मी राहीन तुह्यापाशी. काय करतं आता." मी त्यांचा हात धरला नाही. आमच्यात तशी रीत नाही. मी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि जरा जवळ सरकले.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे डबा धुवत होते. "माय असं म्हणाली? आपणहून?"

"हो."

"आज म्हणाली असेल. उद्या म्हणेल मी कधी म्हटलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंस ना? आता तिच्या बोलण्याचं काय धरायचं? घर असं कोणाच्या ताब्यात देता येतं का?"

मला वाटतं लग्नानंतर मी त्यांना इतकं सलग कधी बोलले नसेन. मी म्हणाले, "विसरतात हे निघालं. कळत नाही असं कोणी म्हणालं नाही. तुम्ही उद्या विचारा. मी काही सांगणार नाही, तुम्हीही सुचवू नका. घर त्यांचं आहे. काय म्हणतात ते ऐका तरी."

ह्यांनी डबा पुसून ठेवला. सकाळी कामावर जायच्या आधी हे पलंगाशी जाऊन बसले. मी ओट्यापाशी होते, पाठ करून.

"माय, गावच्या घराचं काय करू?"

"काय झालं घराले?"

"कुलूप आहे त्याले."

"कुलूप कायले लावलं?" आत्याबाईंचा आवाज चढला. मंडईतलं काहीच त्यांना आठवत नव्हतं, हे मला पाठमोरीलाही कळलं. "उधई लागन ना बापा. धाकटीच्या पोराले दे. लेकराबाळाचा आहे तो. चूल पेटू दे घरात."

ह्यांनी चादरीची घडी सारखी केली. मग म्हणाले, "अन् तू?"

"माही मागची खोली देजो नोको त्याले. माहं सामान आहे तिथं. आली गेली तं निजाले लागते."

"नाही देत," हे म्हणाले.

ते फोन घेऊन दारात गेले. पलीकडे त्यांचा चुलतभाऊ असावा. त्याने विचारलं असेल की एकदम हे कसं काय ठरवलं. मला इकडचं ऐकू येत होतं. हे म्हणाले, "म्या नाही ठरोलं. मायनं सांगितलं."